सहा नंबर

अंबरपेठेला यायचं म्हटलं की ऑटोवाला एवढंच विचारतो, "सहा नंबर?" आपण मान हलवायची. हा सहा नंबर नेमका कशाचा, या भानगडीत कुणी पडत नाही. थांब्याचं नाव आहे. उतरायचं आणि घराकडे चालू लागायचं.

युनिक्समध्येही एक सहा नंबर आहे. या संगणकप्रणालीची माहितीपुस्तिका आठ विभागांची. पहिल्या विभागात रोजच्या आज्ञा, दुसऱ्यात यंत्राच्या गाभ्याशी बोलण्याच्या रीती, पाचव्यात फाइलींची रचना, आठव्यात देखभाल. आणि सहाव्यात खेळ. 1979 साली बेल लॅबोरेटरीजमधून निघालेल्या सातव्या आवृत्तीत बुद्धिबळ आणि बॅकगॅमन राजरोसपणे या विभागात बसलेले आहेत. पुढे सन या संगणक कंपनीने आपल्या सोलारिस या युनिक्ससाठीही सहावा विभाग खेळांकडेच ठेवला. म्हणजे साहेब आला की पडदा बदलायचा, असा हा चोरटा मामला नव्हता. खेळाला स्वतःचं पान होतं, आज्ञा होती, क्रमांक होता.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. आमच्या शाखेत संगणक आला तो युनिक्सच घेऊन. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात घालून तिजोरीत. त्या यंत्रावर खेळांचा कप्पा होता. मी एकदा चोरपावलांनी तिथं जाऊन आलो. कप्पा होता, खेळ मात्र नव्हते. आमच्यापर्यंत यंत्र पोचायच्या आधीच कुणीतरी कर्तव्यदक्ष माणसाने ते पुसून टाकले होते. नाव ठेवलं आणि माल काढून घेतला, हे अगदी सरकारी झालं. त्या रिकाम्या कप्प्याची रुखरुख माझ्या मनात कुठेतरी राहिली असावी, नाहीतर निवृत्तीनंतर भाच्याच्या नादाने मी या उद्योगात पडलो नसतो.

भाचा परभणीचा. माझे वडीलही परभणीहूनच इथं विवेकवर्धिनीत शिकायला आले होते. तेव्हा परभणी आणि हैदराबाद एकाच राज्यात होतं. 1956 साली मराठवाडा निघून गेला, पण पोरांना हैदराबादला पाठवायची आमच्या घराण्याची सवय काही गेली नाही. हा मुलगा आठवडाभर हायटेक सिटीतल्या एका काचेच्या इमारतीत संगणकासमोर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून दुसऱ्या संगणकासमोर. असाच एकदा तो जुमेरात बाजारातून एक चपटी, रुंद, राखाडी पेटी घेऊन आला. भंगारवाल्याने ती वजनावर दिली होती. "साब, पुराना है मगर लोहा असली है," अशी हमीही दिली होती. माझ्या मते कुठल्याही संगणकाला मिळालेली ही सर्वात प्रामाणिक वॉरंटी.

पेटी होती सनची स्पार्कस्टेशन 5. हे 1994 चं यंत्र. वर्कस्टेशन म्हणजे घरगुती संगणकाचा ऐपतदार थोरला भाऊ. विमानाचे पंख, धरणांच्या भिंती, औषधांचे रेणू, उपग्रहांची छायाचित्रं ही याची कामं. त्या काळी प्रयोगशाळेत हे वातानुकूलित खोलीत असायचं आणि माणसं चपला बाहेर काढून आत जायची. आमच्याकडे ते दिवाणखान्यात शिवणयंत्राच्या शेजारी बसलं आणि आमच्या हिने पहिल्याच दिवशी त्याच्यावर रद्दीची चळत ठेवली.

"याच्यावर काय करणार?" मी विचारलं.

"डूम लावणार, मामा."

ज्यांना डूम ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मंगळाच्या फोबोस या चंद्रावर नरकाचं दार उघडलंय, राक्षस सुटलेत आणि आपण एकटे बंदूक घेऊन आत शिरायचं. पडद्यावर आपण स्वतः दिसत नाही, फक्त आपला हात आणि बंदूक दिसते. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या चिमुकल्या कंपनीने 10 डिसेंबर 1993 रोजी तो सोडला, तो एका विद्यापीठाच्या संगणकावर फाइल चढवून. पहिला भाग फुकट, पुढचे हवे असतील तर पैसे. आपल्याकडे तेव्हा सामान्य माणसाला इंटरनेट नव्हतं. विदेश संचार निगमने ते दिलं 15 ऑगस्ट 1995 ला. तोवर डूम इथं आला असेल तो फ्लॉप्यांवरून, या शर्टाच्या खिशातून त्या शर्टाच्या खिशात.

तेव्हा तो घरच्या साध्या संगणकावर चालायचाच. आज तर फोनवर चालतो, आणि लोक तो कॅल्क्युलेटरपासून छपाईयंत्रापर्यंत कशाकशावर चालवून दाखवतात. मग या लोखंडी पेटीचा हट्ट कशाला? हा प्रश्न मी भाच्याला विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. जे सहज मिळतं ते आमच्या घराण्यात कुणाच्या अंगी लागत नाही.

पहिली अडचण ओळखीची निघाली. या यंत्राच्या पोटात एक चिप असते. तिच्यात यंत्राचा ओळखक्रमांक आणि जाळ्यावरचा पत्ता लिहिलेला असतो. चिपच्याच आत लिथियमची बॅटरी बंद केलेली. दहाएक वर्षांत ती संपते आणि यंत्र आपण कोण हे विसरून जातं. सुरू केलं की पत्त्याच्या जागी ओळीने एफ एफ एफ छापतं, आपलं ओळखपत्र अवैध असल्याची कबुली देतं आणि मग खाली शांतपणे लिहितं: ओके. सनच्या यंत्राचा तो प्रॉम्प्टच आहे. नाव गेलं, गाव गेलं, घड्याळ गेलं, ओके. निवृत्तीनंतर इतकं निर्विकार राहता यायला हवं.

चिपवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरून भाच्याने मूळ आकडे वाचले आणि कळफलकावरून यंत्राला त्याचा पत्ता परत सांगितला. पण बॅटरी मेलेली असल्यामुळे वीज बंद केली की पुन्हा विस्मरण. म्हणजे दर वेळी खेळायच्या आधी यंत्राची ओळख पटवून द्यायची. मला यात काही विशेष वाटलं नाही. मी दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचा दाखला देतो, तोही ज्या बँकेत मी जन्म काढला तिथं.

मग मॉनिटर. पेटीच्या मागच्या खोबणीत आजची कुठलीही वायर बसेना. सिकंदराबादला पार्क लेनमध्ये चिनॉय ट्रेड सेंटर आहे. संगणकाचं जे काही कुठं मिळत नाही ते तिथं कुणाच्या तरी खणात असतं. तिथून एक जोड आला. माऊसचं मात्र जमलं नाही. त्या काळचा सनचा माऊस कुठल्याही टेबलावर चालत नाही. त्याला धातूची चकचकीत पाटी लागते. पाटीवर बारीक रेघांची जाळी असते. माऊसच्या पोटातला दिवा त्या जाळीवरून आपली हालचाल ओळखतो. पाटी नसेल तर माऊस म्हणजे साबणाची वडी. भंगारवाल्याने माऊस दिला होता, पाटी बहुधा त्याने स्टीलच्या भावात दुसरीकडे लावली.

हरकत नाही, डूम कळफलकावर चालतो. बाणांनी फिरायचं, स्पेसने दार उघडायचं, कंट्रोलने गोळी झाडायची. सनच्या युनिक्स कळफलकावर कंट्रोल असतो ए अक्षराच्या डावीकडे, जिथं बाकीच्या जगात कॅप्स लॉक असतो. त्यामुळे सवयीचा माणूस गोळी झाडायला जातो आणि भलतंच दाबतो. मला कुठलीच सवय नव्हती, म्हणून मी भाच्यापेक्षा सरस ठरलो.

पण हे सगळं खेळ सुरू झाल्यानंतरचं. त्याआधीचा महिना सांगायचा राहिलाच.

डूमचा मूळ कोड इड सॉफ्टवेअरच्या जॉन कार्मॅकने 23 डिसेंबर 1997 रोजी जगाला देऊन टाकला. चालत्या धंद्यातलं घरगुती गुपित कुणी असं चौकात आणून ठेवत नाही. या माणसाने ठेवलं. गंमत म्हणजे दिला तो लिनक्सचा, म्हणजे युनिक्सच्या भावंडाचा; घरगुती संगणकांवरच्या डॉसचा नव्हे. डॉसवरच्या खेळात आवाजाचा भाग दुसऱ्या कुणाकडून परवान्यावर घेतलेला होता, तो वाटता येत नव्हता. लिनक्सचा अवतार घरचाच, डेव टेलर नावाच्या त्यांच्याच माणसाने केलेला. सिलिकॉन ग्राफिक्सच्या आणि सनच्या वर्कस्टेशनवरही डूम नेला तो यानेच. तेव्हा भाच्याची वाट अगदीच अनोळखी रानातून जात नव्हती. कुणीतरी आधी जाऊन आलं होतं, फक्त पायवाटेवर गवत वाढलं होतं.

कोड उतरवून घेतला, यंत्राला म्हटलं बांध. त्याने नकार दिला. एका फाइलीच्या नावात एस हे अक्षर जास्तीचं पडलेलं. ते काढलं, तर पुढं दुसरी कुरकुर. ती मिटवली, तिसरी. अखेर एका रविवारी बांधकाम विनातक्रार पुरं झालं आणि खेळ सुरू करताक्षणी कोसळला. भाच्याचा चेहरा उतरला. मला मात्र यातलं कारण फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एखादी मोठी संख्या संगणकाच्या स्मृतीत चार घरांत ठेवायची असते. मोठा भाग आधी ठेवायचा की लहान? घरच्या इंटेल संगणकात लहान भाग आधी. सनच्या स्पार्क प्रोसेसरमध्ये मोठा आधी. दोन्ही बरोबर, आणि दोन्हींचे पाठीराखे एकमेकांना मूर्ख समजतात. डॅनी कोहेन नावाच्या संशोधकाने 1980 साली या भांडणावर एक टिपण लिहिलं आणि उकडलेलं अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून लढणाऱ्या गलिव्हरच्या गोष्टीतल्या पक्षांची नावं दोघांना देऊन टाकली. टिपणावर तारीख 1 एप्रिल. अंबरपेठेत राहणाऱ्याला हे समजायला अंडं लागत नाही. भाजीवालीशी मराठीत बोललो तर मी चौसष्ट म्हणतो: चार आधी, साठ नंतर. उर्दूतही तसंच. ती तेलुगूत म्हणते अरवै नालुगु: साठ आधी, चार नंतर. पैसे तेवढेच. इतकी वर्षं आमचा व्यवहार बिनबोभाट चाललाय, कारण ऐकताना दोघंही मनातल्या मनात उलटं करून घेतो.

स्पार्कला ते कुणी सांगितलं नव्हतं. डूमची सगळी चित्रं, नकाशे आणि राक्षस एका मोठ्या फाइलीत असतात. आत किती नग आहेत हे ती सुरुवातीलाच सांगते. फुकट भागाच्या शेवटच्या आवृत्तीत 1264 नग आहेत. फाइल इंटेलच्या रीतीने बोलली, स्पार्कने आपल्या रीतीने ऐकलं, आणि त्याला ऐकू आलं: उणे 26 कोटी 81 लाख 73 हजार 312. उणे सव्वीस कोटी राक्षस! बँकेत रात्री हिशेब जुळवताना असा फरक निघाला असता तर सकाळपर्यंत तिघं निलंबित झाले असते. इथं यंत्रच बिचारं निलंबित झालं.

यावरचा उपायही मूळ कोडातच होता. वाचलेली प्रत्येक संख्या आधी उलटी करून घ्या, असं सांगणारे दोन छोटे शब्द कार्मॅकच्या मंडळींनी जागोजागी पेरून ठेवले होते; भाच्याला फक्त त्यांचा खटका शोधून चालू करायचा होता. पण टेक्सासमध्ये बसून घरगुती संगणकांसाठी खेळ लिहिणाऱ्यांना हे उलटं करण्याची गरज का पडली असेल? कारण ते स्वतः घरगुती संगणकावर लिहीतच नव्हते. डूम लिहिला गेला स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीच्या काळ्या यंत्रांवर, नेक्स्टस्टेप नावाच्या प्रणालीवर. ती युनिक्सच्याच कुळातली, आणि तिचा प्रोसेसरही मोठा भाग आधी ठेवणारा. टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब लिहिलं तेही नेक्स्टवरच. राक्षस आधी युनिक्सवर जन्मले आणि मग बाकीच्यांच्या घरी गेले. आम्ही त्यांना कुठे भलतीकडे ओढत नव्हतो.

खेळ उघडला आणि अनपेक्षित मान मिळाला. हा कोड उघडताना आधी विचारतो की पडदा नेमका 256 रंगांचा आहे ना. नसेल तर तो स्पष्ट नकार देऊन बाहेर पडतो. भाच्याच्या नव्या लॅपटॉपला दीड कोटीहून जास्त रंग येतात, म्हणून तो या परीक्षेत नापास. आमची भंगारातली पेटी 256 रंगांचीच, ती पास. आयुष्यात पात्रतेच्या अटी बहुतेक तरुणांच्या बाजूने असतात. एखादी आपल्या बाजूने निघाली की बरं वाटतं.

पण हे 256 रंग सगळ्या खिडक्यांत मिळून असतात. डूमला सगळेच्या सगळे लागतात. त्याच्या खिडकीवर गेलं की तो आपली रंगपेटी लावतो आणि बाकी पडद्यावरच्या मंडळींचे रंग पळून जातात. कोपऱ्यातलं घड्याळ जांभळं, शेजारची खिडकी पोपटी, मागची शांत निळी भिंत एकदम शेंदरी. डूमवरून बाहेर आलं की सगळे आपापल्या रंगावर आणि राक्षस गुलाबी. आमची ही स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "अहो, बिघडलाय का तो?" भाचा म्हणाला, "नाही मामी, असंच असतं." तिचं समाधान झालं नाही. मला मात्र यात बिघाड वाटला नाही. सामाईक नळावर एकाने पाइप लावला की वरच्या मजल्यावर काय होतं ते आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे.

चित्र लहान दिसतं, 320 गुणिले 200 ठिपक्यांचं, म्हणजे पत्त्याच्या पानाएवढं. दुप्पट, तिप्पट करायची सोय आहे. चौपटही आहे, पण ती मोडलेली आहे आणि कधीतरी दुरुस्त करायला हवी, अशी टीप खुद्द लिहिणाऱ्याने कोडात टाकून ठेवली आहे. ते कधीतरी त्या कोडात अजून उगवलेलं नाही. अशी टीप आमच्याही शाखेतल्या प्रत्येक फायलीत असायची.

आवाज आलाच नाही. लिनक्सचा आवाज ज्या दारातून बाहेर पडतो ते दार सोलारिसला नाही. राक्षस तोंड उघडायचे, बंदूक धूर सोडायची, सगळं मूकपटासारखं. पण महिना आषाढाचा होता. अंबरपेठेत महांकाळीचं देऊळ आहे आणि आषाढात बोनालूचा सण. बायका डोक्यावर नैवेद्याची मडकी घेऊन निघतात, पुढं हळद फासलेला पोतराजू आसूड घेऊन नाचतो, आणि डप्पूचा आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरतात. आपल्याकडच्या मरीआईच्या पोतराजाचं हे नातलग माणूस, पण प्रकृतीने दणकट. त्या तालावर मी फोबोसवरचा पहिला टप्पा पार केला. असं पार्श्वसंगीत टेक्सासवाल्यांना पैसे टाकूनही मिळालं नसतं.

मी फार वेळ टिकत नव्हतो. भाचा म्हणाला, "मामा, आयडीडीक्यूडी टाका. अमर होता येतं." ही डूमची प्रसिद्ध गुप्त अक्षरं, ती टंकली की गोळी लागत नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, "टाका हो. नोव्हेंबरचा फेरा वाचेल."

मी नाही टाकली. आणि इथंच माझं मूळ म्हणणं येतं. आमच्या पिढीच्या मराठी मध्यमवर्गीयाला नुसतं खेळता येत नाही. पत्ते घ्यायचे तर आधी अभ्यास झालेला हवा, सिनेमा बघायचा तर परीक्षा संपलेली हवी. मुलांच्या हातात आज फोन असतो, बोट लावलं की खेळ, आणि मला त्यांचा हेवा वाटत नाही, कारण अशा आयत्या खेळाने मला दहाव्या मिनिटाला अपराधी वाटू लागतं. युनिक्सवरचा डूम या दुखण्यावर रामबाण आहे. आधी यंत्राला त्याचं नाव सांगा, मग जोड शोधा, मग कोड बांधा, मग संख्या उलट्या करा. एवढी सेवा झाल्यावर अर्धा तास राक्षस मारले तर तो प्रसाद ठरतो. सगळा आषाढ आम्ही कामच केलं. खेळलो म्हणाल तर फारच थोडं. बहिणीने परभणीहून फोनवर विचारलं तेव्हा मी तिला ठामपणे सांगितलं की पोरगा सुट्टीतसुद्धा अभ्यास करतो.

यात खोटं काही नव्हतं. युनिक्सचा सगळा इतिहासच असा उलटा आहे. 1969 साली बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्सनने सूर्यमालेत यान हाकण्याचा एक खेळ लिहिला होता, नाव स्पेस ट्रॅव्हल. मोठ्या संगणकावर तो एकदा खेळायचा खर्च हिशेबी 75 डॉलर पडायचा. म्हणून त्याने कोपऱ्यात पडलेला एक छोटा पीडीपी-7 संगणक शोधला आणि खेळ त्यावर आणायच्या खटपटीला लागला. त्या खटपटीत तो यंत्राशी इतका परिचित झाला की पुढं त्यावरच त्याने नवी प्रणाली रचली. तेच युनिक्स. हे त्याच्याच सहकाऱ्याने, डेनिस रिचीने, लिहून ठेवलंय. ज्या युनिक्सवर माझ्या बँकेने ठेवी मोजल्या आणि खेळांचा कप्पा पुसला, ते मुळात एका माणसाला खेळ परवडावा म्हणून सुरू झालेलं. हे मला नोकरीत असताना माहीत असतं तर मी एक परिपत्रक काढण्याची शिफारस केली असती.

भाच्याला इतिहासापेक्षा भूगोल जवळचा. तो म्हणतो, या सगळ्यात आपलं माणूस आहेच. सन कंपनी 1982 साली ज्यांनी काढली त्यांतले विनोद खोसला जन्माने भारतीय. हैदराबादचे सत्या नाडेला आधी सनमध्ये नोकरीला होते. 1992 साली ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, 2014 पासून तिचे प्रमुख आहेत, आणि 2021 साली मायक्रोसॉफ्टने इड सॉफ्टवेअरची मालक कंपनी विकत घेतली. म्हणजे आमच्या दिवाणखान्यातली पेटी ज्या कंपनीची, तिथला जुना नोकर आज पेटीतल्या राक्षसांचा धनी आहे, आणि तो बेगमपेठेच्या शाळेत शिकला. सन मात्र राहिली नाही. 2010 साली ओरॅकलने ती गिळली.

काम आणि खेळ यांची शेवटची सरमिसळ न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डेनिस चाओने करून ठेवली आहे. त्याने 1999 साली डूमचा कोड घेतला आणि त्यात संगणकावर चालू असलेली प्रत्येक प्रक्रिया राक्षस म्हणून उभी केली. डोक्यावर नाव आणि क्रमांक. एरवी युनिक्समध्ये नको असलेली प्रक्रिया बंद करायला किल ही आज्ञा टंकावी लागते. इथं सरळ गोळी घालायची. नुसती जखमी केली तर तिचा अग्रक्रम घटतो. आमच्याकडे याला आडगावी बदली म्हणत. यावर त्याने रीतसर शोधनिबंध लिहिला आणि तो 2001 साली संगणक आणि माणूस यांच्या संबंधांवरच्या एका मोठ्या परिषदेत छापून आला. अडचण एकच निघाली. राक्षस आपापसांत भांडतात. त्या मारामारीत एखादी कळीची प्रक्रिया कामी आली की अख्खा संगणक बसतो. ज्यांनी कुठल्याही कचेरीत नोकरी केली आहे त्यांना हा निष्कर्ष शोधनिबंधाशिवाय ठाऊक असेल.

भाच्याला आता तो प्रकार या पेटीवर आणायचा आहे. म्हणजे पुढचा आषाढही गेला. माझी ना नाही, पण एक नड आहे. अंबरपेठ, नल्लकुंटा, काचीगुडा, बरकतपुरा या भागांत पूर्वी प्रयोगशाळांत, विद्यापीठात, सरकारी कंपन्यांत नोकरी केलेली पुष्कळ मराठी मंडळी राहतात. त्यांपैकी कुणाच्या माळ्यावर, फडताळात किंवा देवघरात निरांजनाखाली बारीक रेघांची जाळी असलेली धातूची चकचकीत पाटी असेल, तर ती सनच्या माऊसची आहे, ताट नव्हे. कृपया घासू नका आणि भंगारात देऊ नका. सहा नंबरला उतरून कुणालाही मराठी मामांचं घर विचारा. भाचा योग्य किंमत देईल, मी चहा देईन.